पीएस थ्री ऑनलाइन साइन इन होत नाही. मदरबोर्ड गेलाय का?

तुमच्या पीएस थ्रीला, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम मशीनला, वायफाय लागतं, टेस्टमध्ये आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो, इंटरनेटही ठीक दाखवतं, पण प्लेस्टेशन नेटवर्क या सोनीच्या ऑनलाइन सेवेपाशी येऊन अडतं आणि दुकानदार म्हणतो मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला, असं तुम्ही लिहिलंय. अहो, मदरबोर्ड गेलेलं मशीन वायफायला जोडलं जाईल कसं? पैसे देऊ नका. आधी स्क्रीनवर वर उजवीकडे तारीख काय दिसते ते बघा.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण माझ्याही मशीनचा मदरबोर्ड असाच ‘गेला’ होता, आणि त्यावरून आमच्या घरात अजून वाद आहे.

आमचं घर सांगलीत गावभागात. खाली दादाची पिठाची गिरणी, वर आम्ही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकराला सांगायला नको. रात्रभर आम्ही गव्हाची पोती, आईची ट्रंक, गॅसच्या टाक्या वर चढवत होतो. शेवटच्या फेरीत मी टीव्हीखालचं पीएस थ्री उचललं आणि वर लोखंडी कपाटावर ठेवलं. गिरणीची मोटर खालीच राहिली. दादा तेव्हापासून म्हणतो, ‘तू डबडं वर नेलंस आणि मोटर बुडवलीस.’ मोटर फरशीला बोल्टनं आवळलेली होती, बोल्ट गंजलेले होते, आणि दोघांनी मिळून पाना लावूनही ते हलले नव्हते. हे त्याला माहीत आहे.

नंतर घर धुण्यात, गिरणी परत उभी करण्यात दिवस गेले. मशीन कपाटावर तसंच, पिन काढलेलं. वर्षभरानं लॉकडाऊनमध्ये पुतण्या कंटाळला म्हणून खाली काढलं. डिस्कवरचे गेम चालले. साइन इन काही होईना. दुकानं उघडल्यावर एकाला दाखवलं, त्यानं न उघडताच सांगितलं, ‘पुराचं आहे ना? बोर्डाला ओल लागलीय, साडेचार हजार होतील.’ दादाला तेच हवं होतं. ‘बघ, मोटरही गेली आणि तेही गेलं.’

मला फार लागलं ते. पाणी आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत आलं होतं. वरची फरशीसुद्धा भिजली नव्हती.

उलगडा पुतण्यानं केला. ऐन गणपतीत त्यानं विचारलं, ‘काका, यात जानेवारी का दाखवतंय?’ सेटिंग्जमध्ये बघितलं तर वर्ष मशीन घेतलं त्याच्याही आधीचं! डेट अँड टाइममध्ये जाऊन ‘सेट व्हाया इंटरनेट’ केलं आणि पहिल्या झटक्यात साइन इन झालं. रात्री आईनं सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं, सकाळी परत जानेवारी. मग समजलं की घड्याळ चालू ठेवणारा आतला सेल संपलाय. सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो तो तीन व्होल्टचा चपटा सेल. चाळीस रुपये. बदलला, आजतागायत तारीख हललेली नाही.

कारण साधं आहे. साइन इन करताना सर्व्हर मशीनला एक प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं असतं. मशीनचं घड्याळ मागे असेल तर त्याच्या हिशेबानं ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, मग मशीन पुढे जायला नकार देतं. १ मार्च २०१० ला तर जगभरातल्या जुन्या जाड पीएस थ्रींचं घड्याळ एकाच दिवशी चुकलं होतं. मशीननं २०१० हे लीप वर्ष धरलं, ८००१०५०एफ असा एरर येऊ लागला आणि लोकांना साइन इन करता येईना. दुसऱ्या दिवशी आपोआप सगळं सुरळीत झालं. त्या दिवशी काय सगळ्यांच्या बोर्डाला ओल लागली होती?

दादाचं आता नवीन म्हणणं, ओल लागली म्हणूनच सेल गेला. नाही. पिन काढलेली असली की घड्याळ एकट्या सेलवर चालतं, आणि आधीच जुना असलेला सेल वर्षभर तसा राहिला तर संपणारच. कपाटावरच्या मशीनला नदीची गरज नाही.

तुमची तारीख बरोबर निघाली तर मात्र कारण दुसरं. अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) लावलं असेल तर पीएस थ्रीवर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, अकाउंटच्या वेबसाइटवरून ‘डिव्हाइस सेटअप पासवर्ड’ काढून तो टाकावा लागतो. यात बरेच जण अडकतात. सिस्टीम अपडेट राहिलं असेल तरी आत घेत नाही. तुमचं वायफाय लागतंय म्हणून तुम्हाला गरज नाही, पण ज्यांना राउटरच दिसत नाही त्यांनी राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालू करावं, पीएस थ्रीला पाच गिगाहर्ट्झचं दिसत नाही. नाहीतर सरळ लॅन केबल लावा.

आणि सेल बदलायचाच असेल तर पिन काढून मगच उघडा. मधे भोक असलेला टॉर्क्स (चांदणीसारख्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर लागेल. सेलची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, काहींत तो वायर लावलेला असतो, ती ओढू नका. पॉवर सप्लायचा बंद डबा अजिबात उघडायचा नाही, पिन काढल्यावरही त्यात करंट राहतो. मशीन खरंच पाण्यात बुडालेलं असेल तर माझं वरचं काही धरू नका, ते चालूच करू नका. तसं नसेल तर तारीख आणि एरर कोड दोन्ही इथे लिहा, मी बघतो.