वाचकांचे प्रश्न : ताटातलं अंगी किती लागतं?

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. हिमोग्लोबिन १०.२ आलं, म्हणून दोन महिने रोज पालक, बीट आणि डाळिंब देते आहे. आकडा १०.४ च्या पुढे सरकत नाही. आणखी काय वाढवू?

वाढवण्याआधी बीट आणि डाळिंबाचा हिशेब बघा. १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम ०.८ मिलिग्रॅम असतं, डाळिंबात ०.३. त्यांचा लाल रंग लोहाचा नव्हे, वनस्पतीतल्या रंगद्रव्यांचा. दोन्ही चांगले पदार्थ आहेत, पण रक्तवाढीसाठी त्यांच्यावर विसंबून दोन महिने गेले. पालकात १०० ग्रॅमला २.७ मिलिग्रॅम लोह असतं खरं, पण ते सहजी सुटत नाही. शिवाय १०० ग्रॅम पालक शिजला की अर्धी वाटीच उरतो.

त्यामानाने शिजलेल्या मसुरात १०० ग्रॅमला ३.३ आणि शिजलेल्या हरभऱ्यात २.९ मिलिग्रॅम लोह मिळतं, आणि ही कडधान्यं पोटभर खाताही येतात. तरी वनस्पतीतलं लोह शरीर २ ते २० टक्केच शोषून घेतं. मांसातल्या लोहाचं हेच प्रमाण १५ ते ३५ टक्के असतं. दोन आणि वीस यांतलं अंतर दहापट आहे. तुमची मुलगी त्यात कुठे बसते, हे त्याच जेवणात सोबत काय आहे यावर ठरतं.

मदतीला येतं क जीवनसत्त्व. वनस्पतीतलं लोह आतड्यात न विरघळणाऱ्या रूपात जाऊ शकतं; क जीवनसत्त्व ते विरघळतं ठेवतं. पण दोघं एकाच वेळी आतड्यात हवीत. दुपारी उसळ आणि संध्याकाळी पेरू, असं केलं तर पेरूचा त्या उसळीला उपयोग नाही. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, मध्यम संत्र्यात ७० च्या आसपास, अर्ध्या लिंबाच्या रसात मात्र दहाच्या आसपास. म्हणजे लिंबाचे दोन थेंब हे चवीपुरतेच. लिंबू पिळायचं ते भांडं आचेवरून उतरवल्यावर, कारण उकळीत क जीवनसत्त्व टिकत नाही.

आड येतो चहा. जेवणासोबत घेतलेला एक कप चहा त्या जेवणातल्या लोहाचं शोषण सुमारे ६० टक्क्यांनी खाली आणतो, कॉफी सुमारे ४० टक्क्यांनी. जेवून उठल्यावर लगेच घेतला तरी तेच, कारण अन्न अजून पोटातच असतं. जेवणाआधी तासभर घेतलेला चहा फारसा नडत नाही. जेवणानंतर घ्यायचा तर दीड-दोन तास जाऊ द्या. कडधान्यं १२ तास भिजवून, ते पाणी ओतून, मोड आणून शिजवली तर लोहाला धरून ठेवणारं फायटेटही कमी होतं.

एवढं करूनही १०.२ वरून १२ ला पोचायला नुसतं अन्न फार वेळ घेईल. या वयाच्या मुलींत १२ च्या खालचं हिमोग्लोबिन म्हणजे पंडुरोग, आणि त्यावर बहुधा गोळीच लागते. आधी डॉक्टरांना विचारून फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करा. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही त्यांना सांगा. गोळी दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नये. आकडा सुधारला की लोक गोळी लगेच थांबवतात, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तिथेच येतात. साठा भरायला आणखी सुमारे तीन महिने द्यावे लागतात. आणि गोळी नीट घेऊनही आकडा हलला नाही, तर थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा) वाहकपणा किंवा आतड्याचा दोष आहे का ते तपासायला हवं. तेव्हा लोहाचा डोस वाढवत नेऊ नये.

प्रश्न : एका तक्त्यात डाळीत २४ टक्के प्रथिनं दिली आहेत, दुसऱ्यात ९. खरं कुठलं?

दोन्ही. पहिला आकडा कोरड्या डाळीचा, दुसरा शिजलेल्या. प्रथिनं कुठे गेली नाहीत, पाणी आलं. वाटीवर भरवसा ठेवणारे इथे हमखास फसतात, म्हणून एकदाच वजनकाटा घ्या. समजा १२० ग्रॅम कोरडी डाळ शिजवली आणि तिच्या सहा पातळ वाट्या झाल्या. एका वाटीत २० ग्रॅम डाळ आली, म्हणजे प्रथिनं पाच ग्रॅमच्याही आत. ६० किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात (किलोमागे ०.८३ ग्रॅम). तेव्हा दोन वाट्या पातळ डाळीवर "प्रथिनं झाली" असं समजणं म्हणजे पाचवा हिस्साच पदरात पडणं. पाणी कमी करा किंवा डाळ वाढवा. मांस, अंडी, दूध, कडधान्यं आणि धान्यं मिळून दिवसाचा हिशेब लावला तरी चालतो. डाळ आणि धान्य एकाच घासात असायलाच हवीत असं नाही.

प्रश्न : सासऱ्यांना हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) सुरू आहे. कुणीतरी सांगितलं, पालेभाजी विषासमान. आम्ही ती पूर्ण बंद केली. बरोबर केलं का?

नाही, आणि हे अर्धवट माहितीमुळे नेहमी होतं. रक्त गोठवणारी काही प्रथिनं तयार करायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं. वॉर्फरिन त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवतं. डॉक्टरांनी गोळीचा डोस ठरवला तो सासऱ्यांच्या तेव्हाच्या खाण्यावर बेतलेला. भाजी एकदम बंद केली की तोच डोस जड पडतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) वर जातो आणि रक्तस्रावाचा धोका येतो. उलट कुणी उत्साहाने रोज पेलाभर पालेभाजीचा रस सुरू केला, की आयएनआर खाली येतो आणि गुठळीचा धोका येतो. म्हणून त्यांनी भाजी खावी, पण आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवावं.

कोणत्या भाजीकडे लक्ष द्यायचं, हेही आकड्यांवरून कळतं. १०० ग्रॅम कच्च्या पालकात के जीवनसत्त्व सुमारे ४८० मायक्रोग्रॅम असतं, कोथिंबिरीत ३०० च्या आसपास, कोबीत ७५, फ्लॉवर, काकडी, टोमॅटोत २० च्याही आत. तेव्हा काकडी-टोमॅटोची धास्ती नको. सांभाळायचं ते गडद हिरव्या पानांचं. आता भाजी पुन्हा सुरू करायची असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा आणि पहिल्या आठवड्यात आयएनआर तपासून घ्या. आपल्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका. प्रतिजैविकं सुरू झाली तरी हीच तपासणी लागते. अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन या रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या गोळ्यांचा के जीवनसत्त्वाशी संबंध नाही. गोळीच्या पाकिटावरचं नाव एकदा नीट वाचा.

प्रश्न : दूध सोसत नाही. पालकात कॅल्शियम दुधापेक्षा जास्त असतं, मग दुधाची गरजच काय?

शिजलेल्या पालकात १०० ग्रॅमला १३६ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधात १०० मिलिलिटरला सुमारे १२०. तक्ता खोटा नाही. पण पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला घट्ट बांधतं आणि शरीराच्या हाती पाचेक टक्केच लागतं, म्हणजे ७ मिलिग्रॅम. २५० मिलिलिटर दुधातल्या ३०० पैकी ३० टक्के, म्हणजे सुमारे ९० मिलिग्रॅम शोषलं जातं. एका पेल्याची बरोबरी करायला सव्वा किलोहून जास्त शिजलेला पालक खावा लागेल.

दूध नको तर ऑक्झॅलेट कमी असलेल्या गोष्टी शोधा. कोबी, ब्रोकोली, मोहरीची पानं यांतलं कॅल्शियम दुधाहूनही चांगलं शोषलं जातं. फक्त प्रमाण कमी, म्हणून भरपूर खावं लागतं. काट्यासकट खाता येणारे छोटे मासे उत्तम: काट्यांसह डबाबंद सार्डिनच्या १०० ग्रॅममध्ये ३८० च्या आसपास मिलिग्रॅम. टोफू घेताना घटकांत कॅल्शियम सल्फेटसारखा कॅल्शियमचा क्षार आहे का ते वाचा, नसेल तर तो कॅल्शियमसाठी फारसा उपयोगाचा नाही. सोया किंवा बदामाच्या दुधात वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. डबा न हलवता ओतला तर पहिल्या पेल्यात पाणी, शेवटच्यात गाळ. तिळाबाबतही गफलत होते. सालासकट तिळात १०० ग्रॅमला सुमारे ९७५ मिलिग्रॅम, सोललेल्यात दीडशेच्याही आत. आणि खाणार आपण चमचाभर, म्हणजे ९ ग्रॅम.

"सोसत नाही" म्हणजे पोट फुगतं, जुलाब होतात, असं असेल तर ते बहुधा दुधातल्या साखरेमुळे. अशा बऱ्याच लोकांना दही, मुरवलेलं चीज आणि जेवणासोबत थोडं थोडं दूध चालतं. अंगावर पित्त उठत असेल किंवा ओठ सुजत असतील, तर ती ॲलर्जी. तिथे हा प्रयोग करू नका. गोळीच घ्यायची झाली तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं, सायट्रेट केव्हाही.

प्रश्न : नवऱ्याचे तळहात पिवळे दिसतात. रोज दोन पेले गाजराचा रस घेतात. कावीळ असेल का?

उजेडात त्यांच्या डोळ्यांचं पांढरं बघा. ते पांढरंच असेल, लघवी नेहमीसारखी असेल, तर गाजरातलं बीटा कॅरोटीन त्वचेत साठलं आहे. रस बंद केला की काही आठवड्यांत, कधी महिन्यांत रंग उतरतो. शरीर कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व गरजेपुरतंच बनवतं, म्हणून गाजरातून विषबाधा होत नाही. डोळेही पिवळे असतील तर डॉक्टर गाठा, आजच.

रसापेक्षा चमचाभर तेलात परतलेलं गाजर बरं: शिजल्याने पेशी फुटतात आणि तेलामुळे कॅरोटीन शोषलं जातं. ते सिगारेट ओढत असतील तर बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांपासून मात्र लांब ठेवा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर अभ्यास झाला, तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. गाजर खाण्याने असं होत नाही.

प्रश्न : दूध-अंडीही सोडून वर्ष झालं. बी १२ साठी स्पिरुलिना घेतो. पुरेल ना?

पुरणार नाही. स्पिरुलिना या शेवाळात बहुतांश बी १२ सारखं दिसणारं, पण माणसाला निरुपयोगी द्रव्य असतं. आज त्रास नाही, कारण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. तो संपला की पायांना मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत होणं, विसराळूपणा असं सुरू होतं. मज्जातंतूंची इजा लांबली तर पूर्ण भरून येईलच असं नाही. फॉलिक ॲसिडने रक्ताचा आकडा सुधारतो आणि ही इजा झाकली जाते, म्हणून एकट्या त्यावर राहू नका.

गरज दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम, मग गोळी १००० ची का, असंही तुम्ही विचारलं आहे. पोटातलं वाहक प्रथिन एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेऊ शकतं. उरलेल्यातलं सुमारे एक टक्का आपसूक झिरपतं, म्हणजे १००० मधून दहाच्या आसपास. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना मांसाहार असूनही कमतरता होऊ शकते. तपासणी आधी करा, गोळी नंतर सुरू करा. उलट केलं तर खरी पातळी कळत नाही.

प्रश्न : जवस अख्खे गिळले तर चालतात का?

आतून जसेच्या तसे बाहेर पडतात. जाडसर कुटून घ्या. चमचाभर, म्हणजे ७ ग्रॅममधून सुमारे दीड ग्रॅम ओमेगा-३ मिळतं, पण माशांतल्या प्रकारात त्याचा थोडाच भाग बदलतो. एकदम महिन्याचे कुटून ठेवू नका, तेल खवट होतं. आठवड्यापुरते, झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. सोबत पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट साफ होण्याऐवजी अडकेल.