व्यस्त फल की प्रतिलोम फल?

प्रश्न असा आहे: डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समधल्या इन्व्हर्स फंक्शनला, म्हणजे दिलेल्या फंक्शनला (फलाला) उलटवून उत्तरावरून मूळ घटकाकडे नेणाऱ्या फलाला, मराठीत ‘व्यस्त फल’ म्हणावं की ‘प्रतिलोम फल’? आणि ५ चा व्यस्त १/५, मग फलाचा व्यस्तही तसाच का?

माझा कौल ‘व्यस्त फल’ला. हल्ली ‘व्यस्त’ म्हटलं की हिंदीच्या वाटेने आलेला ‘कामात गुंतलेला’ हा अर्थ आधी डोक्यात येतो, पण गणितात हा शब्द फार जुना आहे. संस्कृत ‘अस्’ म्हणजे फेकणे. त्यातून व्यस्त म्हणजे विखुरलेलं, उलटंपालटं. अस्ताव्यस्त, व्यत्यास, विपर्यास ही त्याचीच भावंडं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) व्यस्त त्रैराशिक आहे. शाळेतलं व्यस्त प्रमाण त्याच घरचं.

लीलावतीतच उत्तरावरून मूळ संख्या काढायचा नियम आहे: ‘छेदं गुणं गुणं छेदं वर्गं मूलं पदं कृतिम्’. भागलं असेल तिथे गुणा, गुणलं असेल तिथे भागा, वर्ग केला असेल तिथे मूळ काढा. केलेलं पाऊल मागे घेणं, हाच व्यस्त फलाचा गाभा.

पण मागे जाता येईलच असं नाही. हे चपला ठेवायच्या स्टँडवर छान दिसतं. मंदिराबाहेर चपला दिल्या की बिल्ला मिळतो. प्रत्येक जोडाला एक बिल्ला, हे झालं फल. परतताना १७ नंबरचा बिल्ला पुढे केला आणि त्या नंबरवर दोन जोड निघाले, तर कुठला द्यायचा? म्हणून फल एकास एक हवं. शिवाय खिळ्यावरचा प्रत्येक बिल्ला कुठल्या तरी जोडाला गेलेला हवा. उरलेल्या बिल्ल्यावर द्यायला काहीच नाही. असा एकही बिल्ला न उरू देणाऱ्या फलाला आच्छादक म्हणतात. दोन्ही अटी पाळल्या तरच व्यस्त फल असतं, आणि मग ते एकच असतं. ३ घटकांच्या संचाची स्वतःवरची फलं २७, त्यांतली उलटवता येणारी फक्त ६.

वर्गाचंच बघा. ३ आणि −३ दोघांचा वर्ग ९, म्हणजे सगळ्या पूर्णांकांवर वर्गफलाला व्यस्त नाही. भास्कराचार्यांनाही हे ठाऊक होतं. त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात धन संख्येची मुळं धन आणि ऋण अशी दोन्ही सांगितली आहेत. ०, १, २, ३… एवढ्याच संख्या घेऊन त्यांच्या वर्गांच्या संचात गेलं, की वर्गमूळ हे व्यस्त फल नीट उभं राहतं.

इथे शब्द जपून वापरावा. फल म्हणजे (चपला, बिल्ला) अशा जोड्यांची यादी. त्या जोड्या (बिल्ला, चपला) अशा उलट्या लिहिल्या की ‘व्यस्त संबंध’ नेहमीच मिळतो. तो ‘फल’ असेलच असं नाही. या दोन संज्ञांची सरमिसळ मला खटकते, कारण सगळा प्रश्नच त्या एका शब्दात आहे.

‘प्रतिलोम’ चुकीचा नाही. लोम म्हणजे केस. केसांच्या कलाविरुद्ध ते प्रतिलोम. त्यात उलट क्रमाचा भाव ठळक आहे, म्हणून आधी सदरा मग कोट, काढताना आधी कोट, असा संयुक्त फलाचा, म्हणजे एकापाठोपाठ एक लावलेल्या फलांचा, उलटा क्रम सांगताना तो मला आवडतो.

राहिला १/५. तो ‘गुणाकार व्यस्त’, आणि ‘गुणाकार’ हा शब्द गाळू नये. फ(क्ष) = क्ष + ३ घ्या. २ चे ५ होतात. व्यस्त फल ५ वरून परत २ वर आणतं. फ(२) चा गुणाकार व्यस्त मात्र १/५.