विनोदी नटाने गंभीर भूमिका केली, तर प्रेक्षक ती स्वीकारतात का?

स्वीकारतात, पण नटाला आधी प्रेक्षकांची हसण्याची सवय मोडावी लागते. लक्ष्मीकांत बेर्डे यांनी 'एक होता विदूषक' (1992) या जब्बार पटेल दिग्दर्शित आणि पु. ल. देशपांडे लिखित चित्रपटात अतिशय ताकदीने काम केले, चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तरीही त्यांच्याकडून केवळ हशाची अपेक्षा ठेवणारा मोठा प्रेक्षकवर्ग त्याकडे वळला नाही, याची मला आजही मनापासून खंत वाटते. याउलट, चिमणराव म्हणून घराघरांत पोहोचलेल्या दिलीप प्रभावळकरांचा 'चौकट राजा'मधला (1991) नंदू लोकांनी आपलासा केला.

आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावी जत्रेच्या नाटकात मी हे जवळून पाहिले आहे. वर्षानुवर्षे विनोदी कामे करणारे एक ज्येष्ठ कलाकार त्या वर्षी मुलगी गमावलेल्या बापाच्या भूमिकेत रंगमंचावर आले, तेव्हा तोंडातून शब्द फुटण्याआधीच हशा पिकला. ते थांबले नाहीत आणि चिडलेही नाहीत. प्रेक्षकांकडे पाठ करून मुलीच्या साडीची घडी सावकाश घालत राहिले. तिसऱ्या घडीपर्यंत सारे मैदान शांत झाले होते.

नेमकी विरामाची ही जाण त्यांना विनोदानेच दिली होती, कारण हशा ओसरेपर्यंत थांबायचे किती, हे विनोदी नटाइतके कोणाला कळते?