गुरूच कंडक्टर असेल तर सोलो वाजवणाऱ्या शिष्याला फायदा होतो की दडपण येतं?

प्रश्न असा आहे की एखादा कसलेला व्हायोलिनवादक हुशार शिष्याला वर्षानुवर्षं शिकवतो आणि मग त्याच शिष्याच्या कन्चेर्टोला (एक वादक पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशी रचना) स्वतःच कंडक्टर म्हणून, म्हणजे ऑर्केस्ट्राला हाताच्या इशाऱ्यांनी चालवायला, उभा राहतो, तर त्यात पोराचं भलं होतं की परीक्षेत मास्तर शेजारी येऊन उभे राहिल्यासारखं होतं? मी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनला बसतो, म्हणजे मला कंडक्टरचा चेहरा स्पष्ट दिसतो आणि सोलोइस्टची पाठ. तिथून बघून सांगतो, दोन्ही होतं. आणि कुठलं जास्त होणार हे मुलाच्या तयारीपेक्षा गुरूला शिकवणं थांबवता येतं का यावर जास्त अवलंबून असतं.

फायदा आधी सांगतो कारण तो खरंच मोठा आहे. सोलोइस्ट कंडक्टरच्या डाव्या हाताला उभा असतो, तोंड प्रेक्षकांकडे, त्यामुळे त्याला कंडक्टर नीट दिसतच नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून काय दिसेल तेवढंच. म्हणजे बघायचं काम कंडक्टरचं. आता पियानोवाला कंडक्टर असेल तर तो कानाने फॉलो करतो, पण व्हायोलिनवाला असेल तर तो बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, बघतो. बो किती उरलाय, टोकाला पोचलाय की अजून अर्धा बाकी आहे, म्हणजे हा स्वर अजून ताणला जाणार की आता सुटणार, हे त्याला आवाज व्हायच्या आधी कळतं. डावा हात खालच्या पोझिशनवरून (तारेवरची हाताची जागा) एकदम वर जाणार असेल तर तिथे केसभर उशीर होणारच, हे त्याला माहीत असतं आणि तो ऑर्केस्ट्राला तेवढंच थोपवून धरतो. जी स्ट्रिंगवर, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर, वरच्या पोझिशनमधे आवाज जरा उशिरा आणि जाडसर फुटतो, तिथे तो आम्हाला आधीच हात दाखवून खाली आणतो. हे सगळं महत्त्वाचं का, तर ऑर्केस्ट्राला इशारा आवाजाच्या आधी द्यावा लागतो. सोलोइस्टचं ऐकून मग हात हलवलात तर उशीर झालाच म्हणून समजा. त्यात शिष्य स्वतःचाच असेल तर हा कुठे घाई करतो, कुठल्या पॅसेजच्या आधी श्वास रोखतो हे गुरूला झोपेत विचारलं तरी सांगता येईल.

आणखी एक, बोइंग, म्हणजे गज कुठे वर आणि कुठे खाली ओढायचा ते. आमच्या पार्टवर अप-बो डाऊन-बोच्या खुणा एरवी कन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा म्होरक्या, करतो. गुरू व्हायोलिनवाला असला की तो स्वतः पेन्सिल घेऊन बसतो आणि सोलोच्या फ्रेझिंगला, म्हणजे सुरांच्या वाक्यांना, जुळतील असे बो आम्हाला घालून देतो. ऐकणाऱ्याला हे कळत नाही पण साथ एकदम अंगाबरोबर बसते.

आता दडपणाचं. एका रिहर्सलला बघितलेलं सांगतो. गुरू मोठे, आदर वाटावा असेच, पोरगी पंधरा-सोळा वर्षांची आणि हात असा की आमच्यातले जुने लोकही माना डोलवत होते. सरांच्या उजव्या हातात बॅटन (कंडक्टरची छडी), आणि डाव्या हाताची बोटं हवेत तिचं फिंगरिंग करतायत! बहुतेक त्यांना स्वतःलाही माहीत नसावं. अवघड शिफ्ट (हात एका पोझिशनवरून दुसरीवर नेणं) आली की त्यांच्या भुवया वर जायच्या आणि ती ते बघायची, की लागलाच स्वर किंचित खाली. मग थांबवायचं, सगळ्यांसमोर एक वाक्य सांगायचं, परत पहिल्यापासून. तीन वेळा असं झाल्यावर ती ऑर्केस्ट्राबरोबर वाजवतच नव्हती, सरांसाठी धडा वाजवत होती. शेवटी कन्सर्टमास्टर बाईंनी ब्रेकमधे सरांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. परत आल्यावर सर तिला म्हणाले, "टेम्पो तू सांग, मला नको, यांना सांग." ती आमच्याकडे वळली, घाबरतच दोन बार, म्हणजे तालाचे दोन छोटे तुकडे, वाजवून दाखवले, आणि तिथून पुढची रिहर्सल वेगळीच झाली. तिचा टेम्पो, म्हणजे वेग, सरांच्यापेक्षा जरा जास्तच होता खरं तर. सरांनी तो तसाच ठेवला, मला वाटतं त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

इतिहासात याची मस्त उदाहरणं आहेत आणि गाजलेला व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन (यहुदी हे त्याचं नावच) तर दोन्ही टोकांना सापडतो, आधी शिष्य म्हणून आणि पुढे गुरू म्हणून. 1927 मधे अकरा वर्षांचा असताना तो पॅरिसला जॉर्ज एनेस्कूकडे शिकायला गेला. एनेस्कू म्हणजे व्हायोलिनवादक, संगीतकार, कंडक्टर, पियानोही वाजवणारा, काय नाही ते विचारा. धड्याला तो स्वतः पियानोवर बसायचा आणि ऑर्केस्ट्राचा भाग वाजवायचा, म्हणजे पोराला पहिल्या दिवसापासून एकट्याचं वाजवणं नाही तर साथीसकट ऐकायची सवय. आणि मग आणखी शिस्त लागावी म्हणून त्याने स्वतःहून मुलाला अडॉल्फ बुश या जर्मन व्हायोलिनवादकाकडे पाठवलं. माझा शिष्य माझ्याकडेच राहिला पाहिजे असला प्रकार नाही. 1933 मधे एनेस्कू आणि मेन्यूहिनने फ्रेंच संगीतकार शोसाँचं 'पोएम' रेकॉर्ड केलं, एनेस्कू कंडक्टर, मेन्यूहिन सतरा वर्षांचा. ही रचना जरूर ऐका, कारण सुरुवातीला ऑर्केस्ट्रा हळूहळू धुकं पसरवल्यासारखं वाजवतो आणि मग थांबतो, आणि व्हायोलिन एकटंच येतं. साथ शून्य. म्हणजे कंडक्टरने सगळं जमवून आणायचं आणि नेमक्या त्या क्षणी हात खाली घेऊन नुसतं उभं राहायचं. गुरूसाठी यापेक्षा चांगली परीक्षा कोणी मुद्दाम लिहिली असती तरी जमली नसती.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 1932 मधे, सोळा वर्षांच्या मेन्यूहिनने लंडनच्या अ‍ॅबे रोड स्टुडिओत इंग्लिश संगीतकार एल्गारचा कन्चेर्टो खुद्द एल्गारच्या हाताखाली रेकॉर्ड केला. एल्गार तेव्हा पंचाहत्तरीचा, तरुणपणी तोही व्हायोलिन शिकवून पोट भरायचा. आधी पियानोच्या साथीने तालीम ठेवली होती, म्हाताऱ्याने थोडंसंच ऐकलं, म्हणाला मला काही सांगायचं नाही, आणि घोड्यांच्या शर्यतीला निघून गेला. हा किस्सा मेन्यूहिन स्वतः सांगायचा. लोक याला बेफिकिरी म्हणतात, मला तो उत्तम शिक्षक वाटतो. स्वतःची रचना, समोर पोरसवदा मुलगा, आणि तरी तोंड बंद ठेवणं, करून बघा.

त्याच्याही आधीचं सांगायचं तर 27 मे 1844, लंडनची फिलहार्मोनिक सोसायटी, बारा वर्षांचा जोसेफ योआखिम, पुढचा मोठा व्हायोलिनवादक, बेथोव्हेनचा कन्चेर्टो वाजवतोय आणि कंडक्टर संगीतकार मेंडेल्सन. तो व्हायोलिनचा मास्टर नव्हे, पण या मुलाचा पाठीराखा तोच. खरं म्हणजे तिथे लहान मुलांना स्टेजवर न घेण्याचा नियम होता, तो याच्यासाठी बाजूला ठेवला. कॅडेन्झाही (साथ थांबते आणि सोलोइस्ट एकटा वाजवतो तो भाग) मुलाने स्वतःची वाजवली. बेथोव्हेनमधे काय होतं, सुरुवातीला टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, ठोके आणि मग तीनेक मिनिटं नुसता ऑर्केस्ट्रा, सोलोइस्टने व्हायोलिन हातात धरून उभं राहायचं. लहान मुलाचं काळीज तिथेच पाण्यासारखं होतं. त्या तीन मिनिटांत कंडक्टरची पाठ ताठ, हात निवांत असेल तर मुलगाही निवांत होतो. मेंडेल्सनने स्वतःच्या कन्चेर्टोत तर वाटच ठेवली नाही, दीड बारात सोलो सुरू.

दुसऱ्या टोकाचा, म्हणजे गुरूच्या जागी उभा असलेला मेन्यूहिन बघायचा तर व्हायोलिनवादक डॅनियल होपचं उदाहरण. त्याची आई मेन्यूहिनकडे काम करायची, त्यामुळे पोरगा त्याच्याच आसपास वाढला, अकराव्या वर्षी म्हातारबुवांबरोबर जर्मन टीव्हीवर संगीतकार बार्टोकचे ड्युएट (दोघांनी वाजवायच्या रचना) वाजवले, आणि पुढे दोघांनी साठाच्या वर कार्यक्रम केले. 7 मार्च 1999 ला मेन्यूहिनने कंडक्ट केलेला शेवटचा कार्यक्रम होपबरोबरच होता, त्यात आधुनिक संगीतकार श्निटकेचा कन्चेर्टो होता. श्निटके म्हणजे मेन्यूहिनने लहानपणी शिकलेल्या संगीतापासून कोसभर लांब. इथे गुरूकडे 'मी असं वाजवायचो' म्हणायला काही नव्हतंच, आणि माझ्या मते म्हणूनच अशी निवड हुशारीची. शिष्याला गुरूच्या गाजलेल्या पीसवरच उभं करणं मला तरी आवडत नाही, प्रेक्षक तुलनाच करत बसतात.

तुम्ही स्वतः शिकत असाल किंवा तुमचं मूल शिकत असेल तर दोन गोष्टी करा. गुरूंबरोबर कार्यक्रम ठरला असला तरी त्याआधी तोच कन्चेर्टो एकदा परक्या कंडक्टरबरोबर, नाहीतर निदान नवख्या पियानिस्टबरोबर वाजवून घ्या, म्हणजे आपला टेम्पो शब्दांत आणि बोने कसा सांगायचा हे कळतं, गुरू न सांगता समजून घेतात म्हणून ही सवय लागतच नाही. आणि गुरूंना आधीच, धीर करून, विचारा की सुधारणा ऑर्केस्ट्रासमोर सांगणार की नंतर खोलीत. ज्यांना हा प्रश्न आवडत नाही त्यांच्याकडे शिका खुशाल, पण कंडक्टर दुसरा बघा.