कावी-कंबोईला पहिल्यांदा जाताय? आधी भरतीची वेळ बघा

अरे बडोद्याहून पाद्रा-जंबुसर करत सकाळी निघालास तर एका दिवसात आरामात होतं, पण रविवारची सुट्टी बघून ठरवू नकोस, भरती बघून ठरव. तिथलं समुद्रकाठचं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीत दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे मागच्या आठवड्यात कोणीतरी सांगितलेली वेळ काहीच कामाची नाही. भरतीच्या दोन-तीन तास आधी पोच, दर्शन घे आणि मग वर येऊन निवांत बस. पाणी आधी लांब गाळात नुसतं चमकतं, मग बघता बघता पिंडीला लागतं, खरी मजा तीच, लोक दर्शन झालं की लगेच गाडी काढतात ते मला कळतच नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण मोठं, पण गर्दी पण तेवढीच, मी तर साधा दिवस घेईन.

बीच वगैरे डोक्यातून काढ हं, खंभातचं आखात आहे ते, सगळा चिखल आणि ओढ जबरदस्त, मुलांना पाण्यात अजिबात सोडू नकोस. येताना कावी गावातली सासू-वहूची (म्हणजे सासू-सुनेची) जैन देरासरं, म्हणजे मंदिरं, बघ, कोरीवकाम छान आहे. दशम्या-चटणी घरूनच ने.