आईचं ग्रीन कार्ड: अर्जाआधी आईशी बोललात का?

"सिटिझनशिपची शपथ झाली. आई व्हिजिटर व्हिसावर इथेच आलेली आहे. मग तिचं ग्रीन कार्ड इथेच करून टाकू ना?" अमेरिकेतल्या मराठी मुलामुलींकडून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. अशा कुटुंबांना एकत्र बसवून बोलतं करणं हे माझं काम. बहुतेकांचं वकिलाशी बोलणं झालेलं असतं, कागद स्कॅन झालेले असतात. आईशी मात्र बोलणं झालेलं नसतं. "तू म्हणशील तसं" एवढंच ती म्हणाली, आणि तेवढ्यावर सगळं ठरलेलं असतं.

कायद्याच्या बाजूने हे सरळ आहे. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या नागरिकाला आईवडिलांसाठी अर्ज करता येतो, ग्रीन कार्डवर असताना येत नाही. वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांसारखी वर्षानुवर्षांची रांग नाही. आई आणि वडील दोघांसाठी वेगवेगळा आय-१३०, म्हणजे नातं दाखवणारा मुलाचा अर्ज, लागतो. आई रीतसर प्रवेश घेऊन अमेरिकेत आलेली असेल, तर त्याच्यासोबतच आय-४८५, म्हणजे तिथे राहूनच ग्रीन कार्ड मागायचा आईचा अर्ज, भरता येतो. इतकं सोपं असल्यामुळेच घाई होते.

अशाच घाईतलं एक कुटुंब सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा न्यू जर्सीत, चाळिशी ओलांडलेला. आई एकाहत्तर वर्षांची, डोंबिवलीची, निवृत्त शिक्षिका. वडील जाऊन तीन वर्षं झालेली. आय-९४वर, म्हणजे प्रवेशाच्या वेळच्या मुक्कामाच्या नोंदीवर, मिळालेल्या सहा महिन्यांतले चार संपले होते.

मुलगा बराच वेळ कागदांबद्दलच बोलत राहिला. मी विचारलं, "यात आईची सही कुठे लागते?"

"आय-१३०वर माझी एकट्याचीच. आय-४८५वर तिची."

"तो त्यांनी वाचलाय?"

"मॅडम, तिला त्यातलं काय कळणार?"

शेजारी बसलेल्या आई म्हणाल्या, "मी तीस वर्षं गणित शिकवलं रे. अर्ज वाचता येतो मला."

पुढच्या वेळी मी त्यांच्याशी एकटीशी बोलले. "काकू, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?" उत्तर अपेक्षेप्रमाणेच आलं, "तो म्हणेल तसं." आपल्याकडच्या आया मोठ्या प्रश्नाला नेहमी असंच सभ्य उत्तर देतात, म्हणून तो प्रश्न मी तिथेच सोडते आणि छोटे प्रश्न विचारते. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला कसा देणार? गणपतीत कुठे असाल? सोसायटीत काय चाललंय?

शेवटच्या प्रश्नावर काकू सावरून बसल्या. सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललेली होती, विकासकाशी प्रत्येक सभासदाचा करार व्हायचा होता, आणि फ्लॅट त्यांच्या नावावर होता. "कुलमुखत्यारपत्र देता येतं, ठाऊक आहे मला. पण ती सही मला स्वतः करायचीय." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "इथे मला करमतं हो. नातीत जीव रमतो. पण एकदा अर्ज भरला की परत कधी जाता येईल, हे कुणी सांगतच नाही."

त्यांची भीती अगदी बरोबर होती. आय-४८५ प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात नसताना देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. तो परोल आय-१३१ भरून वेगळा मागावा लागतो आणि यायला किती महिने लागतील याचा भरवसा नसतो. करार त्याच महिन्यांत येऊन ठेपणार होता.

नंतर दोघांना एकत्र बसवलं. काकूंनी मला जे सांगितलं ते मुलाला स्वतः सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तुझ्या बाबतीत मला तसं नकोय."

"हे आधी बोलायचं नाही का रे? मला वाटलं, तुम्हाला मुलीला सांभाळायला माणूस हवंय."

चार महिने एका घरात राहून ही दोन वाक्यं बोलली गेली नव्हती. माझ्या कामाचं मोल मला अशा वेळी कळतं. माझी तर पक्की धारणा आहे की अशा अर्जांमागे पुष्कळदा मुलांचं अपराधीपण असतं, आणि ते बोललं गेलं की तारखांची घाई आपोआप ओसरते. त्यानंतरच दोघं मिळून व्यवहाराचं बोलू शकतात.

ते व्यवहाराचं बोलणं कोणत्या मुद्द्यांवर व्हावं, तेही सांगते. ग्रीन कार्ड ही ये-जा करायची सोय नव्हे. ते अमेरिकेत राहण्यासाठी आहे. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की विमानतळावर चौकशी होऊ शकते. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर आधीच, अमेरिकेत असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. वर्षातले आठ महिने डोंबिवलीतच काढायचे असतील, तर व्हिजिटर व्हिसाच बरा.

आजारपणाचा खर्च सगळ्यात आधी काढा. पासष्टीपुढच्या नव्या ग्रीन कार्डधारकाला सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घेता येत नाही. त्यानंतरही अमेरिकेत नोकरीच न केलेल्या माणसाला २०२५मध्ये त्यातल्या पार्ट एसाठीच, म्हणजे रुग्णालयाच्या खर्चाच्या भागासाठीच, महिन्याला ५१८ डॉलर पडत होते. तोवर मार्केटप्लेसवरचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातला, खासगी विमा शोधावा लागतो.

आय-८६४वरची, म्हणजे आईच्या खर्चाच्या हमीपत्रावरची, जबाबदारीही नीट वाचा. मुलगा, सून, नात आणि आई अशा चौघांच्या घराला २०२५च्या आकड्यांनुसार वर्षाला किमान ४०,१८७ डॉलर उत्पन्न दाखवावं लागत होतं. आई नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यात कामाच्या चाळीस तिमाह्या जमेपर्यंत ही जबाबदारी सुटत नाही. ती कायमची परत गेली किंवा वारली तर त्याआधी संपते. सुनेला हे आधी दाखवा. शिवाय कार्ड मिळालं की आईची पेन्शन आणि एफडीचं व्याज अमेरिकेच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं. भारतातल्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा.

कागदांत आपल्याकडे हमखास अडतं ते नाव. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर लग्नात बदललेलं. मग लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडा. आईच्या स्वतःच्या जन्माची नोंदच सापडत नसेल, तर स्थानिक कार्यालयाकडून नोंद नसल्याचा दाखला घ्या. सोबत माहिती असलेल्या वडीलधाऱ्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडा. वडिलांसाठी अर्ज असेल तर आईवडिलांच्या लग्नाचा दाखलाही लागतो.

आणि आईला कायमचं आणायचं तुमचं आधीच ठरलेलं असेल, तर तिला व्हिजिटर व्हिसावर आणून तिथे अर्ज करू नका. प्रवेशाच्या वेळी हेतू लपवला असं ठरलं, तर कायमची बंदी येऊ शकते. त्यासाठी मुंबईतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासामार्फत जाणारा रस्ता आहे.

काकूंनी तोच निवडला. आय-९४ संपायच्या आत त्या परतल्या, करारावर सही केली, आणि मग मुलाने आय-१३० भरला. पुढे डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिस दाखला, मेडिकल आणि मुंबईत मुलाखत, असा क्रम आहे. अर्ज दाखल असताना व्हिजिटर व्हिसावर गेलं तर विमानतळावरूनच परत पाठवू शकतात. म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत काकू तिकीट काढणार नाहीत. नातीला घेऊन मुलगाच डोंबिवलीला जायचं ठरलंय.