जुन्या लॅपटॉपवर गेमसाठी डायरेक्टएक्स ११, १२ की व्हल्कन निवडावं?

हे तिन्ही म्हणजे गेमने ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घ्यायचे वेगवेगळे मार्ग. आधी गेमचा वेग अडतोय कुठे ते बघा. रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) चांगले वाढले, तर ताण ग्राफिक्स चिपवर आहे. जेमतेम तेवढेच राहिले, तर प्रोसेसर कमी पडतोय.

प्रोसेसर कमी पडत असेल, तर डायरेक्टएक्स १२ किंवा व्हल्कन नक्की वापरून बघा. दोन्हींत ड्रायव्हरचं (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) मधलं काम कमी होतं आणि ते अनेक कोअरमध्ये वाटता येतं. मात्र ग्राफिक्स चिप जुनी किंवा मेमरी कमी असेल, तर मी ११ वरच राहीन. १२ मध्ये मेमरी सांभाळायची जबाबदारी बरीचशी गेमवरच येते, आणि ते नीट केलं नसेल तर खेळताना झटके बसतात.

मोड बदलल्यावर पहिल्या पाच मिनिटांवरून मत बनवू नका. शेडर (चित्रातला रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होत असतात, त्यामुळे सुरुवातीला गेम अडखळू शकतो. तोच भाग दुसऱ्यांदा खेळा आणि मग तुलना करा. सरासरी एफपीएसपेक्षा फ्रेम किती सारख्या अंतराने येतात ते महत्त्वाचं. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात.

ताण ग्राफिक्सवरच असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये रेंडर स्केल (गेम आतून किती रिझोल्युशनवर चित्र काढतो ते) ७५ टक्के करा. लांबी-रुंदी दोन्ही कमी होत असल्याने पिक्सेल ५६ टक्केच उरतात, पण मेनूतली अक्षरं सहसा स्पष्टच राहतात. सावल्यांची क्वालिटीही उतरवा. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र मेमरी पुरत असेल तर आहे तसंच ठेवा, त्याने वेग फारसा बदलत नाही.